पत्त्यांवर पोट

माझी आतेबहीण कवळ्या करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा होतो, त्याच्यावर मेणाची हिरडी चढते आणि त्या हिरडीत ती एकेक दात बसवते. कित्येक वर्षं तिचं हेच काम आहे. ज्यांच्यासाठी ती दात करते त्यांतलं एकही माणूस तिनं कधी पाहिलेलं नाही. जबडा येतो, दात जातात. "माझे दात गावभर हसत फिरतात आणि मला कुणी ओळख देत नाही," असं ती एकदा म्हणाली होती. मी हसले. ती हसली नव्हती, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

आम्ही सगळी भावंडं तिला अक्का म्हणतो. तिचं लग्न झालं नाही. ठरवून केलं नाही असं नव्हे, राहून गेलं. आत्याचं आजारपण लांबत गेलं, अक्का तिच्या उशाशी बसून राहिली, आणि आत्या गेली तेव्हा घरात दोन खोल्या, एक रेडिओ आणि ती, एवढंच उरलं. सकाळी उठल्यावर ती रेडिओ लावायची तो झोपतानाच बंद करायची. काय लागलंय याकडे तिचं लक्ष नसे. कुणीतरी बोलतंय एवढं पुरे.

पत्ते तिच्या आयुष्यात आले ते खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बसड्रायव्हरमुळे. त्याच्या घरी शनिवारी दुपारी पोकरचा अड्डा असे. तो, त्याची बायको, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक आणि एक फोटोग्राफर. फोटोग्राफर गाव सोडून गेला, तसा ड्रायव्हर जिना चढून वर आला आणि दारातूनच म्हणाला, "येतेस का? एक माणूस कमी पडतंय." अक्काला तोवर साधे, घरगुती डाव तेवढे येत होते. त्यानं तिला बसवून समजावलं: दोन पानं आपल्या हातात, झाकलेली. पाच पानं मधे, सगळ्यांची, हळूहळू उघडत जाणारी. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव. बाकी सगळा हुलकावणीचा खेळ. हातात काही नसताना असल्यासारखं दाखवायचं, आणि असताना नसल्यासारखं. पैसे लावत नसत. ड्रायव्हरच्या बायकोकडे जुन्या शर्टांच्या बटणांचा डबा होता, ती बटणंच पैसे.

अक्का बघता बघता तरबेज झाली. तिला घाई नव्हती, आणि माणसांकडे बघायची तिला इतकी भूक होती की एकही गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे. ड्रायव्हर हूल देताना बोटांनी टेबलावर ठेका धरायचा. औषधवाल्याला चांगलं पान आलं की तो चहा प्यायचाच विसरायचा. दुपार संपेपर्यंत तिच्यापुढे बटणांचा ढीग होई आणि निघताना ती तो डब्यात ओतून टाकी. मधे चहा, कुणाच्या गुडघ्याची तक्रार, कुणाच्या सुनेची तारीफ. शनिवार आला की तिच्या आवाजातच फरक पडायचा. फोनवर मला तो कळायचा.

औषधवाल्यानंच तिच्या डोक्यात किडा सोडला. "अक्का, तुम्ही बटणांत वाया जाताय," तो म्हणाला. पुलापलीकडे पत्त्यांचा रीतसर क्लब होता. ती गंमत म्हणून एका रविवारी गेली आणि जिंकून आली. मग पुन्हा गेली. वर्ष होत आलं तरी जिंकणं थांबेना. हरायचीही, नाही असं नाही, पण एकूण पारडं तिच्याच बाजूला. मग लॅबमध्ये तिचं चित्त लागेना. एकदा तिनं खालच्या जबड्यात वरचे दात बसवले आणि कवळी तशीच डॉक्टरकडे गेली. तो प्रकार निस्तरल्यावर तिनं लॅबच्या मालकाकडे बिनपगारी रजा मागितली.

मालक भला माणूस. त्यानं आधी विचारलं, तब्येत बरी आहे ना. ती म्हणाली, तब्येत उत्तम आहे, एक गोष्ट करून बघायचीय. त्यानं फार खोदलं नाही. तुझी खुर्ची उन्हाळाभर रिकामी ठेवतो, म्हणाला, पुढे मात्र मला दुसरं माणूस बघावं लागेल.

आमच्या घरी ही बातमी कळली तेव्हा माझ्या आईनं डोक्याला हात लावला. अक्का आमच्याकडे जेवायला आली होती. आईनं तिला वाढता वाढता सुनावलं, की चांगलं हातात कसब आहे, ते सोडून हे काय डोहाळे. मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, "लोक विचारतील, मुलगी काय करते? काय सांगू? पत्ते कुटते?"

"मामी," अक्का म्हणाली, "आत्ता तरी कोण विचारतंय?"

आईनं पातेलं उचलून आत नेलं. मी ताटातच बघत राहिले.

तर अक्का रोज क्लबात जाऊ लागली. सकाळी डबा भरून निघायची आणि संध्याकाळी परतायची, अगदी नोकरीसारखी. क्लब म्हणजे एका कापडाच्या दुकानावरचा लांबलचक हॉल. खिडक्यांवर जाड पडदे, भिंतीवर घड्याळ नाही, आवाज गिळून टाकणारा गालिचा. हिरव्या टेबलांवर पैशांच्या जागी लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या सरकवल्याचा आवाज तेवढा सारखा येत राही. तिथं पत्त्यांवर पोट भरणारे काही लोक होते. ते एकमेकांना ओळखत, मान हलवत, आणि त्यापलीकडे एक शब्द बोलत नसत. कानांत गाण्यांची बोंडं, नजर टेबलावर. त्यांतल्या एका उंच, शिडशिडीत माणसाला अक्का मनातल्या मनात मौनीबुवा म्हणे. त्याचा खेळ तिला फार आवडायचा. एक पान वाया जात नसे, की एक हालचाल.

आणि या सगळ्यांच्या मधे पंपवाले काका. पाण्याच्या पंपांचं दुकान मुलाच्या हवाली करून निवृत्त झालेले. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते रोज यायचे, रोज हरायचे, आणि अखंड बोलायचे. पंप का जळतो इथपासून बायको वांगं चिरताना काय गुणगुणायची इथपर्यंत. बाकीचे कानांतली बोंडं अजून आत खुपसायचे. अक्का ऐकायची. त्यामुळे काका शक्यतो तिच्याच शेजारची खुर्ची धरायचे.

काकांची खोड तिनं दुसऱ्याच दिवशी हेरली. हातात काही नसलं की त्यांची गोष्ट रंगायची. चांगलं पान आलं की गोष्ट मधेच थांबायची. वाक्यही पुरं होत नसे. तेवढं एक कळलं की काकांपुढे हरणं अवघड होतं. ते गप्प झाले की ही पानं टाकून द्यायची, आणि ते रंगात आले की चकत्या पुढे सरकवायची. मौनीबुवालाही हे ठाऊक होतं. एका दुपारी जिन्यावर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. तुमचा हात चांगला आहे, म्हणाला, पूर्णवेळ उतरा, मी बरीच वर्षं यावरच घर चालवतोय. मग आवाज खाली करून त्यानं धंद्यातली गोम सांगितली.

"आपण चौघंपाचजण एकमेकांकडून काही कमवत नाही. आपलं पोट काकांसारख्यांवर चालतं. ते गिऱ्हाईक. त्यांना जपा, हसून बोला, आणि त्यांच्या डावीकडे बसा, म्हणजे ते आधी खेळतात आणि मग तुम्ही."

अक्कानं मान डोलावली. सल्ला बरोबर होता. ती काकांच्या डावीकडे बसू लागली.

मधे ती तापानं दोन-तीन दिवस घरी पडली. कुणाला कळवायचा प्रश्न नव्हता, क्लबात हजेरी कोण घेतो? ती परत गेली तेव्हा टेबलावर कुणी वर पाहिलं नाही. मौनीबुवानं मान हलवली, तीही स्वतःच्या पानांकडे बघत. काका मात्र खुर्ची सरकवून अर्धे उठले. "कुठं होतात? बरं नव्हतं का? मी त्या पानं वाटणाऱ्या मुलीला रोज विचारत होतो," म्हणाले. त्यांनी खिशातून आल्याच्या वड्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. घशाला बऱ्या, म्हणाले. तिनं एक तोंडात टाकली, आणि तासाभरात काकांच्या पुढ्यातल्या निम्म्या चकत्या तिच्याकडे आल्या होत्या.

हे सांगताना अक्का माझ्याकडे बघत नव्हती.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. अक्काच्या हातात दोन नव्व्या होत्या. मधे पहिल्याच पानांत तिसरी नव्वी आली, आणि तिच्याबरोबर एक राजा. काका तेव्हा बायकोचं सांगत होते. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिनं एक गोष्ट मागितली होती, आणि ती आणायला काका भर दुपारी निघाले होते. रस्त्यात गर्दी, हातात पिशवी, काका जिन्यापर्यंत पोचले, आणि गोष्ट थांबली. अक्कानं ओळखलं की काकांकडे काहीतरी भारी आलंय. आपलं त्याहून भारी आहे हेही तिला दिसत होतं. तिनं थोड्या चकत्या सरकवल्या, काकांनी वाढवल्या, तिनं विचार केल्यासारखं केलं. शेवटच्या पानाला काकांनी पुढ्यातलं सगळं मधे लोटलं. तिनं पानं उघडली. काकांकडे राजा आणि सत्तीच्या जोड्या होत्या. तीन नव्व्यांपुढे त्यांचा काय पाड?

काका म्हणाले, "छान खेळलात हो." कोट घातला. मग जरा थांबून म्हणाले, "उद्या येणार ना?"

ती म्हणाली, येणार. ती गेली. काका आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. पानं वाटणाऱ्या मुलीनं सांगितलं की त्यांचा मुलगा येऊन गेला, वडिलांना आत सोडू नका असं लेखी देऊन गेला. मौनीबुवानं खांदे उडवले. दुसऱ्या गावात नवा क्लब निघालाय, तिथं बरी माणसं येतात, म्हणाला. येता का? अक्का त्या दिवशी शेवटपर्यंत खेळली, आणि जिंकलीही. टेबलावर कुणी एक शब्द बोललं नाही. घरी येऊन तिनं रेडिओ लावला नाही, तशीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली, आणि सकाळी लॅबच्या मालकाला फोन केला.

मी तिला स्पष्टच विचारलं, की तुला पाप वाटलं का? ती नखाखालचं मेण काढत होती. "पाप वगैरे नाही गं," म्हणाली. "ते नसते हरले माझ्याकडे तर मौनीकडे हरले असते. पण तिथं मी आले-गेले हे ज्याला कळत होतं असा तो एकच माणूस होता. आणि माझं घर त्याच्यावर चालायचं होतं."

कामावर परतण्याआधी ती काकांच्या दुकानी जाऊन आली. बँकेसमोरचं दुकान, हे त्यांनी शंभरदा सांगितलेलं. मुलगा गल्ल्यावर होता. काका मागं, खोक्यांच्या चळतीपाशी बसले होते. तिला बघून ते उठायला गेले आणि मुलाकडे बघून परत बसले. मुलानं वडिलांना विचारलं, ओळखीच्या आहेत का?

"नाही," काका म्हणाले, "गिऱ्हाईक असतील."

अक्कानं पंपाचा एक वॉशर मागितला. मुलानं विचारलं, कितीचा? तिला काय ठाऊक? काकांनी खोक्यातून एक काढला आणि स्वतः कागदात बांधून दिला. "हा सगळ्यांना चालतो," म्हणाले. तेवढंच बोलणं झालं.

आता ती पूर्वीसारखीच कवळ्या करते. शनिवारी ड्रायव्हरकडेही जाते, पण तिथलं काहीतरी बिनसलं आहे. बोटांनी ठेका धरायला ड्रायव्हर आता बिचकतो, हात मांडीखाली घेऊन बसतो. औषधवाला मुद्दाम घोट घोट चहा पीत राहतो. कुणी तिला वाईट म्हणत नाही, उलट कौतुकच करतात, पाहुणे आले तर क्लबाच्या गोष्टी सांगायला लावतात. पण बटणांवरसुद्धा तिच्याविरुद्ध खेळताना त्यांचे चेहरे आवळलेले असतात. ते तिला दिसतं, तिच्या नजरेतून काय सुटणार? मग गेल्या थंडीपासून तिनं खेळणं सोडलं. मी वाटते, तुम्ही खेळा, असं म्हणाली. त्यांनी नको-नको केलं, पण फार वेळ नाही.

मागच्या शनिवारी मी तिच्याबरोबर खाली गेले होते. तिच्या जागी आता कुणी नवी शेजारीण खेळते, सारखी चुकते आणि खळखळून हसते. ड्रायव्हर पुन्हा ठेका धरायला लागला होता. अक्का टेबलाच्या टोकाला बसून पानं पिसत होती, एकेकापुढे दोन-दोन टाकत होती, मधली पाच एकामागून एक उलटत होती. तिच्या बोटांचं काम इतकं सफाईदार, की बघत राहावं. मी हळूच विचारलं, कंटाळा नाही का येत?

"नाही," ती म्हणाली. "बसायला मिळतं." आणि तिनं पुढचा डाव वाटायला घेतला.