आण्णांनी धुतलेली यॉट

आण्णा आयुष्यात एकदाच यॉटवर बसले. त्यांना जाऊन आता तीन महिने झाले, आणि मला सारखी तीच दुपार आठवते.

थोरला भाऊ, आमचा दादा, नोकरीसाठी नगर जिल्ह्यातलं कर्जत सोडून समुद्राकाठी गेला आणि तिथलाच झाला. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी, छोटी शिडाची यॉट घेतली. वडिलांनी त्या नावेबद्दल एकदा चांगलं बोलावं, एवढीच त्याची इच्छा होती. आण्णा मात्र तिचा विषयही काढत नसत. अखेर एका दिवाळीनंतर मीच त्यांना घेऊन गेलो.

दादाने आम्हाला नावेतून फिरवून आणलं, तेव्हा बाहेर समुद्र खवळलेला होता. आण्णा तासभर कठडा धरून बसले. मग दगडी बांधाला वळसा घालून आम्ही मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या बंदरात, शिरलो, तसं पाणी विहिरीतल्यासारखं निवांत झालं. दोन्ही बाजूंना बोटी ओळीने बांधलेल्या. आण्णांची मूठ सैल झाली.

"दावनीला बांधल्यात जनू," ते म्हणाले. "वैरन काय टाकता रं यांना?"

दादा हसला. तरंगत्या धक्क्यावर नळ होता. त्याने पाइप जोडून नावेवर पाणी सोडलं.

"गोडं पानी हाय व्हय ह्ये?"

"व्हय, आण्णा. मीठ धुवावं लागतं."

"येवढा समुद्र भरलाय खाली. त्यो काय शोभंला हाय?"

आमच्याकडे उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात गेलेले. आंघोळीचं पाणीसुद्धा झाडाला घालायची रीत. दादाने नळ बंद केला. आण्णांनी बादलीला दोरी बांधली आणि विहिरीतून शेंदावं तसं समुद्राचं पाणी शेंदून सगळी नाव धुऊन काढली. दादाला सांगता आलं असतं. पण वडील पहिल्यांदाच आपणहून नावेला हात लावत होते. त्यांना थांबवायला त्याचं मन होईना.

तासाभरात उन्हाने सगळं वाळलं आणि नाव पांढरी पडली. कालव्याकाठचा आमचा जमिनीचा एक तुकडा असाच मिठाने पांढरा, चोपण झाला होता. तिथे पुढे काही उगवलं नाही. आण्णांनी ती भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली.

"चोपन केली की रं मी तुझी नाव. सांगायचं न्हाई व्हय?"

"तुमी कुठं ऐकता?"

"सोड नळ."

पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून, बारीक धारेने, त्यांनी सगळी नाव पुन्हा धुतली. दोर बांधायच्या पितळी खुंट्या काळवंडल्या होत्या. त्यांच्यावरून आण्णा बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"पुढच्या खेपंला चिच घिऊन येतो," ते म्हणाले. "घासली की निघंल. पितळ लई चांगलं हाय."

दादा पाइप गुंडाळायचा सोडून धक्क्याच्या टोकाला गेला आणि त्याने वहिनीला फोन लावला. वारा माझ्याकडे येत होता, म्हणून ऐकू आलं. "अगं, परत येतो म्हणालेत," एवढंच तो सांगत होता, दोनदा.