लसणातली कोळंबी आणि माझं ‘नको’

कढईत तेलावर लसूण तडतडला की मला मेलबर्नचा तो जुना, उंच पत्र्याच्या छपराचा बाजार आठवतो. लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे पक्क्या ऑस्ट्रेलियन बाईंनी, पहिल्या भेटीसाठी आम्हा नवराबायकोला तिथे तापास खायला बोलावलं होतं. तापास म्हणजे स्पॅनिश पद्धतीच्या छोट्या बशा, मध्ये ठेवून सगळ्यांनी वाटून खायच्या. त्यासाठी मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. शेजारी मासळीवाले ओरडत होते, समोर थंडगार वाइन होती आणि लसणात परतलेली कोळंबी वाफाळत होती. बाईंनी बशी पुढे केली. मी आपल्या रीतीने म्हटलं, "नको नको, तुम्ही घ्या." "नो वरीज," म्हणून त्यांनी ती आपल्या मुलाकडे, म्हणजे माझ्या होणाऱ्या जावयाकडे सरकवली. बटाट्याचं ऑम्लेट आलं, तेही माझ्या ‘नको’ने पुढे गेलं. शेजारी बसलेली लेक कानाशी कुजबुजली, "बाबा, इथे नको म्हणजे नको." तेवढ्यात बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि चेहरा पाडून विचारलं, "तुम्हाला माझा मुलगा पसंत नाही का? काहीच खात नाही आहात." बायकोने टेबलाखालून मला लाथ मारली. मी उरलेली सगळी कोळंबी ओढून घेतली, बशीतलं तेलसुद्धा पावाने पुसून खाल्लं, तेव्हा कुठे त्या हसल्या. आता विहीणबाई तीनदा आग्रह करायला शिकल्या आहेत आणि मी पहिल्याच वेळी हो म्हणायला, त्यामुळे त्यांच्याकडे मला तीनदा जेवावं लागतं.