याआधीची संस्था सोडल्याचा दाखला

आमच्या कॉलेजच्या प्रवेश-खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे मागून खडूसबाई म्हणतात, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक आहे. तीस वर्षं त्या एकाच खुर्चीत बसून लोकांचे अर्ज परत करत आल्या. सख्ख्या पुतणीचाही परत केला; फोटोत तिचे कान दिसत नव्हते.

यंदा तुरुंगातून सुटलेल्यांना शिकवायचं म्हणून तुरुंगखातं, आमचं कॉलेज आणि एक कारखाना यांनी मिळून योजना काढली आणि तिची समिती नेमली. इतिवृत्त लिहायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. चार बैठका योजनेच्या नावातच गेल्या. पाचवीत बोधचिन्हातला पक्षी उडता हवा की बसलेला, यावरून प्राचार्य आणि कारखान्याचे मॅनेजर हमरीतुमरीवर आले. तुरुंगाचे साहेब बिस्किटं संपवत होते. दाखल्यांचं काय करायचं, हा विषय मी दोनदा यादीत घातला. दोन्ही वेळा तो पुढे ढकलला गेला. असली बिनकामाची माणसं एका टेबलाशी मी तरी पाहिली नव्हती.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी खिडकीशी एक रंगारी आला. नऊ वर्षं आत काढलेला, आतूनच बाहेरचा विद्यार्थी म्हणून बारावी झालेला. योजनेत आलेला एकुलता एक माणूस. त्याला शाळाच नव्हती, तर शाळेचा दाखला कुठून आणणार? प्राचार्यांनी त्याला तुरुंगाकडे पाठवलं, तुरुंगाने मॅनेजरकडे, मॅनेजरने परत प्राचार्यांकडे. तीन आठवडे त्याच्या चपला झिजवून तिघांचं सहकार्य पार पडलं होतं. आज हुकलं की वर्ष वाया.

अर्जावर छापलं होतं, ‘याआधीची संस्था सोडल्याचा दाखला’. त्याने भाबडेपणाने होता तो कागद जोडला होता: तुरुंगातून सुटल्याचा.

बाईंनी तो दोनदा वाचला. वर्तणूक, चांगली. सोडण्याचं कारण, मुदत पूर्ण.

“सगळे रकाने भरलेत,” त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी समितीने त्यांना बोलावून फैलावर घेतलं. असला दाखला चालतोच कसा, म्हणून प्राचार्य तावातावाने बोलत राहिले. बाईंनी तो कागद तुरुंगाच्या साहेबांपुढे सरकवला.

“सही तुमचीच आहे. खोटी असेल तर तसं लिहून द्या, प्रवेश रद्द करते.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहून कोणीच दिलं नाही.

संध्याकाळी रंगारी आभार मानायला आला. बाईंनी त्याला बसाही म्हटलं नाही. आपल्या घरी दोनदा चोरी झालीय, तुम्हा लोकांवर आपला काडीचा विश्वास नाही, असं तोंडावर सांगितलं.

“माझा गुन्हा चोरीचा नव्हता, बाई.”

“मी विचारलं का?” बाई म्हणाल्या. “तुमची दया आली म्हणून शिक्का नाही मारला. मला त्या तिघांची चीड आहे. तुम्ही नापास झालात की ते म्हणणार, बघा, आम्हाला माहीतच होतं. तेवढं सुख त्यांना देऊ नका.”