हलकं काम

कारखान्याच्या कार्मिक विभागात माझी चौतीस वर्षं गेली. कामगारांच्या फायली माझ्याकडे असत. त्यांतली एक मी स्वतःच्या हाताने बिघडवली, तीही उपकार करतोय अशा समजुतीने. ती क्रेनमामांची.

मोठ्या शेडमध्ये छताखालच्या रुळांवरून क्रेन फिरायची. रोज सकाळी बत्तीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून मामा तिच्या केबिनमध्ये जाऊन बसत. बायकोने शिवलेली उशी, डबा आणि पाण्याची बाटली, एवढाच वरचा संसार. यंत्रांच्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नव्हता. खालचे लोक हात वर करून खुणा करत. बोटं हलली की सावकाश उतरवायचं, मूठ मिटली की थांबायचं. तेवीस वर्षांत मामांनी उचललेल्या वस्तूला कधी साधा ओरखडा पडला नाही. ते हातावरून माणूस ओळखत. "आज फिटर घरी भांडून आलाय, मूठ बघा कशी आवळतो," असं जेवणाच्या सुट्टीत सांगत, आणि ते खरं निघे.

"मामा, वर हवा कशी आहे?" फिटर विचारी.

"हवा झकास आहे. तुझं टक्कल मात्र वाढलंय. वरून आधी मलाच दिसतं."

मग एका वर्षी वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब एकशे साठ निघाला. कंपनीच्या डॉक्टरांनी छापील प्रश्न विचारले. मीठ जास्त खाता? तंबाखू? झोप? त्या महिन्यात क्रेन खालूनच रिमोटने चालवायची बोलणी सुरू होती आणि मामांच्या तोंडची चव गेली होती. पण त्यासाठी फॉर्मवर प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी शेरा मारला, 'उंचीवरचं काम नको.'

महिन्याने फेरतपासणी मागायची सोय नियमात होती. मला ती तोंडपाठ होती. पण मी विचार केला, चौपन्न वर्षांचा माणूस, कशाला त्याला रोज शिडी चढायला लावायची? मी फायलीवर लिहिलं, 'हलकं काम द्यावं.' हत्यारांच्या खोलीच्या दाराशी त्यांना खुर्ची मिळाली.

"मामा, नशीब काढलंत. पगार तोच, आणि नुसतं बसायचं!"

"बसून करायचं काय, साहेब?"

मी हसलो. तो प्रश्न आहे असं मला वाटलंच नाही.

हत्यारं द्यायला तिथे आधीच एक कारकून होता. सुरुवातीला लोक मामांशी चार शब्द बोलत; पुढे त्यांनाही घाई असे. ढकलगाडी आली की एवढंच ऐकू येई, "मामा, पाय घ्या जरा." ज्या हातांच्या खुणांवर त्यांनी तेवीस वर्षं काढली, त्यांतला एकही हात आता त्यांच्याकडे बघून वर होत नव्हता. दोन महिन्यांनी रक्तदाब एकशे चौऱ्याहत्तर. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मग एकशे ब्याऐंशी. गोळी वाढली.

एक दिवस मामा माझ्या टेबलाशी आले. "साहेब, एक मेहरबानी करा. वर नेऊन मोजा."

जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यातला कंपाउंडर, मामा आणि मी शिडी चढलो. विसाव्या पायरीवर मला धाप लागली. मामा आमच्या आधी पोचले होते. उशी अजून तिथेच होती. तिच्यावरची धूळ झटकून ते बसले, दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि दहा मिनिटं खाली शेडकडे बघत राहिले. खाली डबा धुणाऱ्या फिटरने वर पाहिलं आणि हात उंचावला. मामांनीही उंचावला.

कंपाउंडरने दंडाला पट्टा बांधला. एकशे बत्तीस. पुन्हा मोजलं. एकशे तीस.

खाली आल्यावर मामा म्हणाले, "आता लिहा."

मी फॉर्म काढला. वर छापलं होतं, 'मोजणी दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर.'

"मामा, हे धरता येत नाही. असा रकाना नाही."

"रकाना नाही?"

"नाही."

"मग तुम्ही वर कशाला आलात?"

तुमचं मन राखायला, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढं मात्र मी गिळलं.

दीड महिन्याने, भर दुपारी, त्या खुर्चीवरच त्यांचं अर्धं अंग गेलं. तिसऱ्या दिवशी मामा गेले. हत्यारांचा कारकून सांगत होता, "मला वाटलं, डुलकी लागलीय."

आजाराच्या माहितीचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मामांच्या पत्नी, वहिनी, समोर बसल्या. मी क्रमाने विचारत गेलो.

"मीठ?"

"पाच महिने अळणी जेवले, भाऊजी. त्यांना एकट्याला कसं वाढायचं, म्हणून मीपण. एकदा विचारलं, भाजी कशी झालीय? म्हणाले, काही कळत नाही."

"तंबाखू?"

"कधीच नाही."

"झोप?"

"वर कामाला होते तोवर रात्री पडल्या पडल्या घोरायचे. नंतर..." त्यांनी पदराने डोळे टिपले. "शर्ट मात्र रोज इस्त्रीचाच लागायचा. नुसतं खुर्चीवर बसायला."

मी झोपेपुढे 'कमी' लिहिलं. शर्टासाठी रकाना नव्हता.

सही करायला पेन हातात घेऊन वहिनी थांबल्या. "त्यांना खाली आणायचं कुणाच्या मनात आलं हो?"

फायलीत माझं अक्षर होतं. फाइल माझ्या मांडीवर होती.

"डॉक्टरांच्या," मी म्हणालो, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.