पायांकडे बघणारे व्याही

तोंड न बघता नुसते बूट बघून माणसाची अख्खी कुंडली सांगणारा इसम सगळ्या खान्देशात एकच झाला, आणि तो माझ्याच नशिबी व्याही म्हणून आला. मी शिकलो चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण कोणाच्या बापाला भ्यालो नाही. केळीच्या बागेत नाग निघाला तरी हातातली बिडी आधी संपवायचो, मग काठी शोधायचो. या माणसासमोर मात्र उभा राहिलो की पाय धोतरात ओढून घ्यावेसे वाटत. ते बोलायचे काही नाहीत. नुसते खाली बघायचे. त्या बघण्याचीच भीती.

धुळ्याच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते. मी त्यांना नाना म्हणायचो, ते मला भाऊ. बूट नेहमी मधल्या भावाचा घेत, पण पारखून. म्हणायचे, "महाग बूट नावावर खपस, सस्ता दयेवर खपस. फसवणारा बठ्ठा मधला भावमा ऱ्हातस, भाऊ!" लबाड सगळे मधल्या भावात, म्हणून तसा बूट हातात आला की त्याची चौकशी सुरू. आधी नाकाडावर अंगठा दाबायचा. बारीक सुरकुत्या उमटून लगेच मिटल्या तर चामडं, कणकेसारखा खड्डा राहिला तर लबाडी. मग बुटात डोळ्यांपर्यंत तोंड घालून वास. मग बुटाची जीभ उलटी करून आतली लव बघायची. मग तळ वाकवून शिवण तपासायची, दोरा खरंच आरपार गेलाय की शोभेला नुसती रेघ मारलीय. शेवटी टाच कानाशी धरून नारळासारखी वाजवायची. धुळ्यातला एक दुकानदार त्यांना लांबून बघताच निम्मा माल आत टाकायचा.

घरी बुटांचे लाड जावयासारखे. जोड दोन, एक चालणार, दुसरा आराम करणार. "माणूसले सुटी ऱ्हास, बूटले नको?" कामावरून आले की आधी कोरड्या फडक्याने धूळ, मग आत रद्दीचे बोळे, आणि मग स्वतःचा चहा. भिजलेला बूट सावलीत सुकवायचा, चुलीजवळ नेला तर घरात भांडण. पॉलिश अत्तरासारखं, बोटाच्या टोकावर. टाच मोडू नये म्हणून बूट घालायचा तो चमच्याने, स्वयंपाकघरातल्या. विहीणबाई तो चमचा वेगळा ठेवतात असं सांगायच्या, तरी त्यांच्याकडे खीर वाढली की मी आधी चमचा हुंगायचो.

आता भीतीचं सांगतो. आमच्याकडे नवरदेवाचे कपडे आणि बूट मुलीच्या बापाने द्यायचे असतात. यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात वऱ्हाड उतरलं होतं त्या जानवशावर बूट आले, यांनी अंगठा दाबला, खिशातला चाकू काढला आणि तळ चिरला. आतून पुठ्ठा निघाला. ते बूट ताटात ठेवून, वर रुमाल झाकून, बँड वाजवत परत मांडवात पाठवले! त्या घरची लेक अजून सासरी "पुठ्ठेवाल्यांची" म्हणून ओळखली जाते. आणि धाकट्या मुलाला माझी लेक दिलेली.

मी जळगावला जाऊन मधल्या भावाचा काळा जोड आणला. अंगठा दाबला, हुंगला, कानाशी वाजवला. दुकानदार म्हणाला, "आबा, बूट घ्यायचाय का टरबूज?" मी लक्ष दिलं नाही. पण घरी आल्यावर दुसरी धास्ती. मे महिना, वर पत्रे तापलेले, आणि नानांचा नियम होता की चामड्याला ऊन दाखवायचं नाही. आमच्या घरात उन्हाला बंदी असलेली जागा एकच, केळी पिकवायची खोली. लग्नाच्या शिकरणासाठी तिथे घड झाकून ठेवले होते, वर ओली पोती. जिथे केळीला बाधत नाही तिथे बुटाला काय बाधणार? मी खोकं तिथेच ठेवलं. आजही म्हणतो, विचार चुकीचा नव्हता.

लग्नाच्या सकाळी खोकं उघडलं तर बूट पांढरे! शिवणीशिवणीत बुरशी, जशी शिळ्या भाकरीवर. बायकोने पदराने पुसली तर शिवणीतली जाईना. खोबरेल घेऊन आली, तर मी ओरडलो, "तेलाचा डाग त्यांना रस्त्यावरून दिसेल!" जळगाव लांब, वेळ नाही. हळदीच्या अंगाने लेक दारात उभी. हळूच म्हणाली, "आबा, मले काय म्हणतीन ते? बुरशीवाली?" मी बूट ताटात ठेवले, वर रुमाल झाकला. ताट मीच उचललं. माझा माल आहे, माझ्याच हाताने नेईन.

जानवशावर नानांनी रुमाल काढला. बँडवाला तोंडाशी पिपाणी धरून तयार. नानांनी बूट नाकाशी नेला, शिवणीवरून नख फिरवलं, नखावरची पांढरी भुकटी उजेडात धरली. माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. मग ते उठून उभे राहिले आणि ओरडले, "दखा बठ्ठा! हाई खरं चामडं शे! रेक्झिनले कधी बुरशी येत नही!"

मग तिथेच मांडी घालून बसले. खिशातलं फडकं काढून शिवण न् शिवण कोरडी पुसली, बूट सावलीत वाऱ्यावर ठेवले. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "घाबरी गयात का, भाऊ?" मी म्हणालो, "मी? छे!" ते खाली माझ्या धुळीच्या वहाणांकडे बघून हसले.

पुढे आयुष्यभर ते माझ्या लेकीची ओळख "खऱ्या मालवाल्यांची" अशीच करून देत.

नाना गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी बूट घेतले. मधल्या भावाचे. अंगठा दाबून, हुंगून, चमच्याने घालून धुळ्याला गेलो. ओसरीवर माणसं बसलेली होती. दारात जरा जास्तच वेळ उभा राहिलो. सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, "या आबा" म्हणाले, जागा दिली.

पायांकडे कोणी बघितलंच नाही.