वधूने म्हणायची मंगलाष्टकं

चेन्नईत पेरांबूरच्या आसपास जी पन्नास-साठ मराठी घरं होती, त्यांच्यात एक नियम कुणी केला नव्हता आणि तरी सगळे पाळत होते. घरात लग्न निघालं की आधी हॉल, मग आचारी, मग विद्युलता. घाईच्या लग्नात हा क्रम बदलायचा आणि विद्युलता पहिली यायची.

एकोणीस वर्षांत तिने सदतीस लग्नं पार पाडली होती. मुंडावळ्या तिच्या कपाटात, अंतरपाट तिच्या कपाटात. नादस्वरवाल्यांना कधी वाजवायचं आणि मुख्य म्हणजे कधी थांबायचं, हे तमिळमध्ये बजावण्याचं काम तिचं. आमचं लग्न अकराला लागतं, नऊ वाजताच हॉल झाडायला घेऊ नका, हे मॅनेजरच्या गळी उतरवायचं कामही तिचंच. आणि मंगलाष्टकं. ती तर ती स्वतः रचायची, शार्दूलविक्रीडितात, वधूवरांची आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं गुंफून, आणि स्वतःच म्हणायची. एका तेलुगू व्याह्यांचं सत्यनारायणमूर्ती हे नाव काही केल्या वृत्तात बसत नव्हतं. तिने तेही बसवलं, आणि कुठलं अक्षर गिळलं याचा व्याह्यांना पत्ता लागू दिला नाही.

तिचं स्वतःचं नाव मात्र वृत्तात आपसूक बसतं, तिसऱ्या अक्षरापासून, कुठेही न मोडता. हे तिला चोविसाव्या वर्षी, पहिलंच मंगलाष्टक रचताना कळलं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

२००७ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तिचं लग्न ठरलं. मधली अकरा वर्षं आईच्या आजारपणात गेली होती. नवरा मुलगा अशोक, सेहेचाळीस वर्षांचा, मूळचा कराडचा, इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. त्याच्याबद्दल लोक म्हणायचे, नोकरीच्या धावपळीत लग्नाचं राहून गेलं. तिच्याबद्दल म्हणायचे, जमलं नाही. असं म्हणणाऱ्यांच्या मुलींचीही मंगलाष्टकं तिनेच रचली होती, आणि त्यात त्या आयांना 'सुशील' म्हटलं होतं. वृत्ताची गरज म्हणून.

तारीख निघाली तीस डिसेंबर. तमिळ लोक मार्गळी महिन्यात लग्नं करत नाहीत, त्यामुळे हॉल हवा तो मिळाला. तीन आठवडे आधी रत्नप्रभाकाकूंकडे बैठक बसली. काकू मराठी मंडळाच्या अध्यक्ष आणि त्यांचे यजमान काशिनाथराव चिटणीस, त्यामुळे मंडळाचा सगळा कारभार एका सोफ्यावरून चालायचा. विद्युलता गिंडीहून, ऑफिस सुटल्यावर, दोन बस बदलून आली. नवरी म्हणून तिला पंख्याखालची खुर्ची मिळाली. हा मान साधारण पाच मिनिटं टिकला.

नादस्वरवाल्यांशी कोण बोलणार, असं काकूंनी विचारलं आणि सगळ्यांनी पंख्याखाली पाहिलं. रुखवत कोण मांडणार? पुन्हा पंख्याखाली. आचाऱ्याला पुरणाची पोळी आणि इथली बोळी यांतला फरक कोण समजावणार? काशिनाथराव वहीत डावीकडे काम आणि उजवीकडे नाव लिहीत होते. तिसऱ्या कामानंतर त्यांनी नाव लिहायचं सोडून नुसत्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करायला सुरुवात केली. वरपक्षाच्या स्वागताला दारात उभं राहायचं, तिथेही खूण पडली. त्या वेळी ही गौरीहरापाशी बसलेली असेल हे कुणाच्या तरी लक्षात आलं, तेव्हा खूण खोडून 'पाहू' असं लिहिण्यात आलं.

राहता राहिली मंगलाष्टकं. डिसेंबरात चेन्नईत संगीताचा मोसम असतो. गल्लोगल्लीच्या सभांमधून शेकड्यांनी गवई गात होते. पण मराठी मंगलाष्टक म्हणेल असा गळा सगळ्या शहरात मंडळाला एकच ठाऊक होता, आणि तो त्या दिवशी पाटावर उभा असणार होता. काकूंनी यावर विचार करून ठेवलेला होता.

"विद्यु, तू आधीच म्हणून ठेव," त्या म्हणाल्या. "आमचा उन्मेष सिरुसेरीत कॉम्प्युटरवरच तर असतो दिवसभर, तो सीडी करून देईल. त्या दिवशी तू नुसती उभी राहा. तुला काही त्रास नको."

विद्युलताने ते दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहिलं. अंतरपाटाच्या अलीकडे ती मान खाली घालून उभी आहे, आणि स्पीकरमधून तिचाच आवाज तिला सासरी गोडीने नांदायला सांगतो आहे. शेवटी तिनेच तिला सावधान म्हणायचं.

अशोक कोपऱ्यात चिवड्याची बशी घेऊन बसला होता. "करून टाका ना," तो म्हणाला, "तुमचा आवाज छान आहे." तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चमचा बशीत ठेवला.

"काकू, तुमच्या ऊर्मीच्या लग्नात मंगलाष्टकं कुणी म्हटली?" विद्युलताने विचारलं.

"तूच की गं."

"ऊर्मीने का नाही म्हटली?"

काकूंना हसू आलं. "अगं, ती नवरी होती."

"मग मी कोण आहे?"

काशिनाथरावांनी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. विद्युलता उठली, चपला घालून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंडावळ्या, अंतरपाट, सदतीस लग्नांच्या याद्या असं सगळं दोन पिशव्यांत भरून काकूंच्या दारात ठेवून आली. वाट्याला येईल तसं एकेकाने एकेक करावं, मी काही करणार नाही, असं सांगून आली.

मग जे व्हायचं ते झालं. लग्न ठरल्यावर डोक्यात वारं गेलं, असं एक मत पडलं. या वयात एवढी हौस कशाला, रजिस्टर केलं असतं तरी चाललं असतं, असं दुसरं. हे दुसरं मत तिचे वडील वसंतराव यांच्यापर्यंत बाजारात पोचलं आणि ते भाजी न घेताच घरी आले. रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं कुणाशी वाकडं न घेतलेला माणूस तो. लोकांची मनं दुखावली बेटा, असं त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. लोकांची मनं आपण एकोणीस वर्षं सांभाळली, असं ती म्हणाली, आणि ती सगळी ठणठणीत आहेत.

अशोकचा फोन आला. माझं चुकलं, मी चिवड्यात होतो, असं तो म्हणाला. कबुली प्रामाणिक होती, म्हणून तिने ती स्वीकारली.

बाकीच्यांचे फोन ऑफिसात यायचे, आणि सगळ्यांची सुरुवात 'सहज विचारते हं' अशी असायची. सहज विचारते हं, अंतरपाटावर स्वस्तिक आधी काढायचं की तिथे गेल्यावर? सहज विचारते हं, ते सुपारीचं काय असतं? माहीत नाही, असं विद्युलता सांगायची. एकोणीस वर्षांत हे दोन शब्द तिने वापरले नव्हते. चार दिवसांत ते तिच्या तोंडात चांगले बसले.

तेवीस तारखेला, रविवारी सकाळी, रत्नप्रभाकाकू तीन बायकांना घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वहीचा कागद होता, खाडाखोड करून काळा झालेला.

"आम्ही लिहिलंय," काकू जरा फुगूनच म्हणाल्या. "चौघींनी मिळून. दहा दिवस झाले, डोक्याचा भुगा झाला. एकदा नजर टाक."

"नाही."

"अगं, एक ओळ लंगडतेय. तू पटकन—"

"काकू, तो कागद मला दाखवू नका. मला तो तीस तारखेला ऐकायचाय."

"आणि तिथे चुकलं म्हणजे? चार लोकांत शोभा."

"होऊ दे. माझं नाव आहे ना त्यात?"

"आहे," एक बाई मागून म्हणाली. "पहिल्याच ओळीत घातलंय."

विद्युलताचा हात कागदाकडे गेला होता. तो तिने मागे घेतला आणि पदराला पुसला. "मग झालं तर," ती म्हणाली. "ऊर्मीने नाही तपासली, मीही नाही."

काकू वळल्या आणि, आलोच आहोत तर इथे जिन्यातच एकदा म्हणून बघू, असं बायकांना म्हणाल्या. विद्युलताने दार लावून घेतलं. पलीकडे चौघींनी सूर धरला, चार वेगवेगळे. पहिला शब्दच इतका वर लावला की पुढे दम पुरणं शक्य नव्हतं, आणि हे दाराच्या अलीकडे एका माणसाला स्वच्छ कळत होतं. दोन पट्ट्या खाली घ्या, एवढंच सांगायचं होतं. कडी तर हाताशी होती.

ती वळली, स्वयंपाकघरात गेली आणि इडलीच्या ग्राइंडरचं बटण दाबलं. दगड घरघरायला लागले. वसंतराव वर्तमानपत्र घेऊन आत आले. ग्राइंडरमध्ये डोकावून पाहतात तर तांदूळ नाहीत, डाळ नाही, तळाशी नुसतं पाणी.

"काय वाटतेस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. फिरू दे थोडा वेळ."

ते तिथेच स्टुलावर बसले. बाहेर काकूंचा आवाज ग्राइंडरच्याही वर चढला, तेव्हा तिने पुढे होऊन स्वयंपाकघराचं दारही लोटून घेतलं.