नाकातलं तूप आणि एकच रेघ

"एकच रेघ! सुटलो बुवा," म्हणत ह्यांनी कोरोनाच्या चाचणीची पट्टी माझ्यापुढे नाचवली. घसा कालपासून धरलेला, आणि आज लेकीकडे नातीचं बारसं.

"काडी नाकात नीट फिरवलीत का?"

"फिरवली की. तूप सोडलं नि लगेच फिरवली."

मी कपाळाला हात लावला. रोज सकाळी नाकात साजूक तूप सोडायचं आणि त्याच तुपात विषाणू शोधायचा! एरवीही तो इतक्या लवकर सापडत नाही. आधी पेशीला चिकटतो, आत शिरतो, तिच्याच सामानातून स्वतःच्या प्रती काढत बसतो. पुरेसा वाढल्याशिवाय पट्टीला तो दिसत नाही. पट्टी बिचारी एवढंच सांगते की मला दिसला नाही. आपण तेवढ्यावर नवे कपडे घालून तयार!

"तान्हं बाळ आहे हो ते."

"लांबूनच बघीन गं," हे म्हणाले आणि खोकले.

मी लेकीला फोन लावला. "आम्ही दोघंही येत नाही. पाळणा तुझ्या सासूबाईंना म्हणायला सांग."

टेबलावर माझीही पट्टी पडली होती. तूप न घालता, नीट काडी फिरवून केलेली. तिच्यावरही एकच रेघ होती.